बोला गं!

सकाळच्या प्रॅक्टिसला मी कधीकधी कोर्टाकडे पाठ करून उभी राहते. समोर कंपाउंडची भिंत, पाठीमागे माझ्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधल्या मुली चारास चार डिफेन्स करत असतात. बॉल कुठे आहे ते मला नुसत्या आवाजावरून कळलं पाहिजे. जिच्यासमोर बॉल तिनं ‘बॉल, बॉल’ म्हणायचं, एका पासाच्या अंतरावर असेल तिनं ‘डिनाय’, लांब असेल तिनं ‘हेल्प’. दोन-तीन पास झाले आणि डोळ्यांपुढचं चित्र पुसट झालं की मी शिट्टी वाजवते. पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीचा लेअप मी एका सहामाहीत सुधारू शकते. तिला ओरडायला शिकवण्यात मात्र अख्खं वर्ष जातं. घरात, शाळेत, नात्यागोत्यात तिला सतरा वर्षं ‘हळू बोल’ असंच सांगितलेलं असतं. आणि मी पहिल्याच दिवशी सांगते, ‘बोला गं!’ तोंड उघडतं, पण आवाज ओठांच्या बाहेर येत नाही. त्यात आणखी एक अडचण, ‘ताई’ची. फर्स्ट इयरची मुलगी थर्ड इयरच्या कॅप्टनला नावानं हाक मारायला तयार होत नाही. ‘ताई, तुमच्या डावीकडून स्क्रीन येतेय’ हे वाक्य पुरं होईपर्यंत ताई स्क्रीनवर आपटलेली असते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: साइडलाइनच्या आत सगळ्यांची नावं दोन अक्षरी, बाहेर आल्यावर हवं तितकं ताई म्हणा.

स्क्रीनचं गणित असं. माझी गार्ड बॉलवाल्या मुलीकडे तोंड करून सरकत असते, मागे बघायची तिला सोयच नाही. समोरच्या टीमची उंच मुलगी येऊन तिच्या वाटेत खांबासारखी उभी राहते. ते येणं फक्त माझ्या सेंटरला दिसतं, कारण ती रिंगजवळ, सगळ्यांच्या मागे असते. म्हणजे एकीला दिसतंय आणि धडकणार दुसरी. मधे पूल फक्त शब्दाचा: ‘लेफ्ट!’ किंवा ‘स्विच!’ (आपापली मुलगी बदला), तोही अर्ध्या सेकंदात.

मुलींच्या बास्केटबॉलची सुरुवात दार लावून झाली. सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ मध्ये हा खेळ अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात आणला आणि १८९३ मध्ये तिथल्या दोन वर्गांच्या मुलींमध्ये पहिली मॅच झाली. पुरुषांना आत प्रवेश नव्हता. खेळ फार धसमुसळा होऊ नये म्हणून बेरेन्सनबाईंनी कोर्टाचे तीन भाग पाडले. आपला भाग सोडून जायचं नाही, दुसरीच्या हातातला बॉल हिसकायचा नाही. १८९६ मध्ये स्टॅनफर्डच्या मुलींनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला २–१ असं हरवलं. दोन कॉलेजांच्या मुलींमधली ती पहिली मॅच, प्रेक्षक सगळ्या बायका. बेरेन्सनबाईंनी त्या काळात मुलींना मैदानात उतरवलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. तरी त्या तीन भागांचा विचार मनातून जात नाही. जिला कोर्टाचा तिसरा हिस्साच मिळाला, तिला पलीकडच्या टोकाला हाक मारायचं कारणच काय? आज माझ्या मुलींच्या वाट्याला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असं सगळं कोर्ट येतं. ते पायांनी भरतं तसं आवाजानंही भरावं लागतं.

मागच्या वर्षीची आंतरमहाविद्यालयीन सेमीफायनल माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. पहिला क्वार्टर आम्ही असा खेळलो की मी डोळे मिटले असते तरी चाललं असतं. ‘कटर!’, ‘हेल्प राइट!’, ‘शॉट!’ कोर्ट नुसतं घुमत होतं. समोरची शूटर शॉट घेण्यासाठीचे चोवीस सेकंद संपत आल्यावर हात वेडावाकडा करून बॉल फेकत होती. तेव्हा गुणफलकाकडे बघायची गरज वाटली नाही.

दुसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस माझ्या सेंटरनं, नऊ नंबरनं, ‘स्विच’ म्हटलं. स्क्रीन पक्की लागली नव्हती. ती स्वतः पुढे सरकली, गार्ड मात्र जुन्याच मुलीबरोबर राहिली, आणि मोकळी सुटलेली मुलगी सरळ रिंगखाली जाऊन लेअप टाकून आली. गार्डनं, म्हणजे कॅप्टननं, नऊ नंबरकडे वळून दोन्ही हात पसरले. मी बेंचवरून ओरडले, ‘काय बोलतेस ते बघून बोल!’

त्या मॅचमधली सगळ्यात महागडी चूक तीच होती आणि ती माझी होती.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये नऊ नंबरनं तोंड मिटलं. आधी मला कळलंच नाही. ती धावत होती, रिबाउंडला उडत होती, जागेवर पोचत होती. पण समोरच्यांनी एकामागून एक स्क्रीन लावायला सुरुवात केली आणि कॅप्टन प्रत्येकीवर आंधळ्यासारखी जाऊन आदळू लागली. एकदा पडली. उठून चिडून मागून हात घातला, फाऊल. मिनिटभरात आणखी एक, तिचा चौथा. टीमचे चार फाऊल भरल्यावर समोरच्यांना पुढच्या दर फाऊलला दोन फ्री थ्रो मिळू लागले. एकीचा आवाज गेला की दुसरीचा जातो, मग तिसरीचा. कोर्टावर फक्त बुटांची चरचर ऐकू येत होती. सहाची आघाडी गेली आणि आम्ही अकरानं मागे पडलो.

टाइमआऊट एका मिनिटाचा. बोर्डावर आकृती काढायला मार्कर उघडला आणि पुन्हा बंद केला. नऊ नंबर माझ्याकडे बघतच नव्हती. मी तिला म्हटलं, ‘मघाशी मी ओरडले ते चुकलं. तुला दिसतंय ते तू बोल.’ मग कॅप्टनला म्हटलं, ‘ही स्विच म्हणाली की स्विच. चुकीचं वाटलं तरी स्विच. पाचही जणींनी एकच चूक केली तर त्यातूनही डिफेन्स उभा राहतो, पण एकीनं बरोबर आणि चौघींनी निराळं केलं तर बास्केट पडते.’ कॅप्टननं घामाचा हात जर्सीला पुसला आणि नऊ नंबरच्या पाठीवर जोरात थाप मारली. हॉर्न वाजला.

पहिली हाक चिरकी आली. ‘लेफ्ट.’ दुसरी जरा मोठी. तिसऱ्या वेळी तिनं ‘स्विच!’ म्हटलं, तेही जरा लवकर, पण दोघी एकदम वळल्या आणि समोरच्या शूटरला आपल्यासमोर अचानक एक उंच मुलगी दिसली. बॉल तिच्या हातून निसटला. बेंचवरच्या मुली उठून उभ्या राहिल्या. चौथा क्वार्टर संपेपर्यंत त्या बसल्या नाहीत. फर्स्ट इयरची एक मुलगी, जिचा आवाज मी वर्गातसुद्धा ऐकला नव्हता, ‘हेल्प! हेल्प! हेल्प!’ असं कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत धावत होती.

आम्ही तीन गुणांनी हरलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जे हातचं गेलं ते दहा मिनिटांत सगळं परत येण्यासारखं नव्हतं. गुणतक्त्यावर नऊ नंबरपुढे चार गुण आणि तीन फाऊल. तिनं किती वेळा हाक दिली याला त्या कागदावर रकाना नाही, म्हणून त्या दिवसापासून मी माझ्या वहीत तो आखला आहे.

भारताची कॅप्टन झालेली शिरीन लिमये पुण्याची. माझ्या मुली मोबाइलवर तिच्या मॅचचे व्हिडिओ बघतात, बहुतेक वेळा आवाज बंद करून. मी आता फोन हातात घेऊन आवाज वाढवून देते आणि सांगते, एकदा नुसतं ऐका.

त्या सेमीफायनलहून परतताना बसमध्ये नऊ नंबरला आईचा फोन आला. तिनं ‘हॅलो’ म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. कॅप्टननं फोन काढून घेतला.

‘काकू, तिचा आवाज बसलाय... नाही नाही, सर्दी नाही. ओरडून बसलाय.’

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. कॅप्टन थोडा वेळ थांबली.

‘आमच्यासाठी, काकू,’ ती म्हणाली.