निळा रंग आलाच नाही!

नाशिकच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कीटकनाशकाचा अंश तपासायच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीवर साधं पाणी, दुसरीवर आदल्या दिवशी कार्बामेट गटातलं औषध मारलेल्या द्राक्षपानांचं धुवण. १० मिनिटं थांबायचं, पट्टी दुमडायची आणि चिमटीत धरून ३ मिनिटं बोटांची ऊब द्यायची. पाण्याची पट्टी उघडली तर पांढरी टिकली निळीशार! दुसरी उघडली. पांढरी. खिडकीपाशी नेली, तिरपी धरून पाहिली. कोरी पांढरी!

निफाडला आमची बाग. ऑक्टोबर छाटणी झाली की थ्रिप्स, उडद्या, मिलीबगच्या मागे ब्लोअर फिरताना मी लहानपणापासून बघतेय. औषधानं कीड मरते, एवढंच ठाऊक होतं. कशी मरते, ते त्या कोऱ्या टिकलीनं दाखवलं आणि रात्री मला झोपच लागेना.

टिकलीत कोलिनएस्टरेज नावाचं विकर असतं. पट्टीवरच्या दुसऱ्या टिकलीतला पदार्थ ते फोडतं, म्हणून निळा रंग येतो. आपल्या अंगातही ते फोडायचंच काम करतं. मज्जातंतू ॲसिटिलकोलिन सोडून स्नायूला निरोप धाडतो, स्नायू आखडतो आणि हे विकर तो निरोप तिथल्या तिथे पुसून टाकतं. विकराचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो, हजारो! कार्बामेट किंवा ऑरगॅनोफॉस्फेट नेमकं त्याच्या कामाच्या खाचेत जाऊन बसतं. मग पुसणारंच कुणी उरत नाही, निरोप थांबत नाही, कीड थरथरत मरते. कार्बामेट काही तासांत आपणहून सुटतं. ऑरगॅनोफॉस्फेट मात्र चिकटून बसतं, आणि उशीर झाला तर पॅम या उताऱ्याच्या इंजेक्शननंही ते निघत नाही.

फवारून आल्यावर कधीकधी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, तोंडाला पाणी सुटायचं, दरदरून घाम यायचा, समोरचं धूसर दिसायचं. "औषध लागलं," आई म्हणायची. हेच ते! थ्रिप्समधलं विकर आणि अण्णांच्या मज्जातंतूंमधलं विकर एकाच कुळातलं.

सकाळी उठल्या उठल्या फोन लावला, सगळं एका दमात सांगून टाकलं. अण्णा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपल्या अंगातलं ते मोजता येतं का गं?"

येतं! रक्तातल्या तांबड्या पेशींवरही ते असतं. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ही औषधं हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तात ते मोजतात. फवारणीचे दिवस सुरू होण्याआधी एकदा आणि मग पुन्हा पुन्हा. फार उतरलं तर माणसाला औषधापासून लांब ठेवतात.

"म्हणजे आधीचा आकडा हातात पाहिजे," अण्णा म्हणाले. "एप्रिलच्या छाटणीआधी येतो मी नाशिकला. गड्यांनाही घेऊन येतो."