ताटातले पाहुणे

बालमित्रांनो, आज एका कोड्यापासून सुरुवात करू या. आषाढी एकादशीला तुमच्या घरी काय असतं? साबुदाण्याची खिचडी! तिच्यात शेंगदाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची. बरोबर ना? आता सांगा पाहू, साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची या चौघांपैकी मूळचे आपल्या देशातले कितीजण?

घाईघाईनं 'चारही' म्हणू नका हं. खरं उत्तर आहे, एकही नाही!

आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिकडचाच. बटाटा पेरू देशाच्या डोंगराळ भागातला, तर मिरची मेक्सिकोकडची. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचला. १४९८ साली वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यावर उतरला. त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही मंडळी एकेक करून आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन गेली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच आहे, बरं का! म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या काळात महाराष्ट्रात कोणी मिरचीचा ठेचा खाल्ला नव्हता. तिखट हवं असेल तर मिरे होते.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, मंग आपलं काय हाये?"

प्रश्न अगदी योग्य होता. आपलं वांगं आहे, आपली तूर आहे. पण भाकरीची ज्वारी? ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. तिला आता परकी कोण म्हणेल? आपल्या आज्या-पणज्यांनी ती पेरली, खुडली, दळली, थापली. जे आपल्या हातानं रांधलं ते आपलं झालं, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे! पण पुढं असं काही घडलं की त्याचं उत्तर त्यानं स्वतःच शोधलं.

ते सांगण्याआधी आमच्या गावाची ओळख करून देते. मी मोताळ्याला प्राथमिक शाळेत शिकवते. मलकापूरहून बुलढाण्याला जाताना राजूरचा घाट चढण्याआधी आमचं मोताळा लागतं. आम्ही वऱ्हाडात, पण शेजारी खानदेश. त्यामुळं आमच्या चुलीवर दोन्हीकडचं शिजतं. एके दिवशी कढी-गोळे, तर दुसऱ्या दिवशी झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ.

माझी धाकटी बहीण कोकणात शिक्षिका आहे. गेल्या दिवाळीत ती आली आणि तिनं आम्हाला तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार घावन करून घातले. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हे त आपल्या धिरड्याची भईनच हाये वं!" बहीण हसून म्हणाली, "मावशी, मग आता धिरडं शिकवा." त्या दिवशी दोघींनी मिळून बेसनाची धिरडी घातली. आम्हाला मात्र दोन्हींवर ताव मारायला मिळाला.

त्याच सुट्टीत आम्ही सगळे बुलढाण्याला हॉटेलात जेवायला गेलो. असा योग आमच्याकडे वर्षातून एक-दोनदाच येतो. माझा मुलगा पाचवीत आहे. त्यानं यादी हातात घेतली आणि मोठ्यानं वाचू लागला. मसाला डोसा दक्षिणेचा. पनीरची भाजी पंजाबी. मंचुरियन चीनचं.

"थांब," मी म्हटलं, "मंचुरियन चीनचं नाही." कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे स्वयंपाकी नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत हा पदार्थ पहिल्यांदा बनवला, असं सांगतात. लसूण, आलं, हिरवी मिरची आपल्या पद्धतीनं घातली आणि त्यात सोया सॉस ओतला. चीनमधल्या मांचुरियात जाऊन मागितलं तर कोणी ओळखणारही नाही! आणि आपल्या जिल्ह्यातली शेगावची कचोरी? ती सुरू केली फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं. आज तिच्या नावाला शेगाव असं चिकटलंय की पंजाब कोणाला आठवतही नाही.

यादीच्या शेवटी होतं, 'मक्के की रोटी, सरसों का साग'. मुलगा चकित झाला. "आई, मका? आपल्या रस्त्यावर वाळत घालतात तोच?" अगदी तोच! आमच्या तालुक्यात मका भरपूर पिकतो. दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला पिवळेधमक ढीग दिसतात. पण आमच्याकडे त्याची भाकरी फारशी होत नाही. बहुतेक मका विकला जातो आणि कोंबड्यांच्या, जनावरांच्या खाद्यासाठी जातो. आम्ही ती रोटी मागवली. एका रोटीच्या पैशात दीड-दोन किलो मका आला असता! पण लोणी लावलेली गरम रोटी पोरानं बोटं चाटत संपवली.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. कापूस वेचायला मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची काही कुटुंबं आली होती. त्यांतली एक मुलगी माझ्या वर्गात बसू लागली. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी थोडंथोडं यायचं. शाळेत पोषण आहार मिळतोच, पण काही मुलं घरून भाकरी-पोळीही आणतात. तिनंही एक डबा आणला. उघडला तर आत जाडसर पिवळी भाकरी.

"मॅडम, हा त कोंबड्याईचा दाना हाये!" मागच्या बाकावरचा तोच मुलगा ओरडला आणि सगळा वर्ग हसला.

तिला शब्द कळले नाहीत, पण हसणं कळलं. हसण्याला भाषा लागत नाही ना! तिनं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं डबा आणला नाही आणि खिचडीही घेतली नाही. तिसऱ्या दिवशी ती शाळेतच आली नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या झोपडीकडं गेले. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या आईनं काही विचारलं नाही. पाहुणी आली म्हणून तव्यावरची मक्याची भाकरी आणि लाल मिरचीची चटणी पुढं केली. भाकरी गोडसर, खरपूस होती. हॉटेलातल्या रोटीपेक्षा मला ती आवडली. मी "छान" म्हटल्यावर त्या माउलीनं खुणा करून सांगितलं की गावाकडं याहून चांगलं करतो. मक्याचं पीठ मळायचं, पानांच्या मध्ये ठेवायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. त्याला 'पानिया' म्हणतात.

मुलांनो, मला एकदम हसूच आलं. तुमच्यापैकी विदर्भातल्या वाचकांनी ओळखलंच असेल. आपले पानगे! कणकेचे गोळे पळसाच्या पानांवर थापून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, ते. पीठ वेगळं, पण पान तेच, निखारा तोच. नावसुद्धा जवळजवळ तेच!

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन नावं लिहिली, पानगे आणि पानिया. मग नकाशा काढून झाबुआ दाखवलं, मेक्सिको दाखवलं. तिकडच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी एका रानगवतापासून मका तयार केला. आजही तिथं मक्याची भाकरी रोज खातात. बुलढाण्याच्या हॉटेलातली यादीही सांगितली. कोणालाही रागावले नाही. वर्ग मात्र चिडीचूप झाला होता.

ती मुलगी दोन दिवसांनी परत आली. त्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या मुलानं घरून दोन पानगे आणले. एक तिच्या डब्याच्या झाकणात ठेवला आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला. तिनं वास घेतला, तुकडा मोडला आणि म्हणाली, "हमारे जैसा." मग तिनं आपल्या भाकरीचा अर्धा भाग त्याला दिला. त्यानं तो खाल्ला आणि मला येऊन सांगितलं, "मॅडम, हे बी आपलंच हाये."

होळीच्या आधी झाबुआकडं भगोरियाचे बाजार भरतात. त्यासाठी ती सगळी मंडळी गावी परतली. यंदा कापूस फुटेल तेव्हा ती येईल का, याची मुलं आतापासूनच चौकशी करतात.

आई-बाबांनो, एक विनंती तुम्हालाही आहे. हॉटेलात जरूर जा, पण घरच्या भाकरीला मुलांसमोर 'साधं' म्हणून नाव ठेवू नका. मुलं ते ऐकतात आणि शाळेत जाऊन दुसऱ्याच्या डब्यावर वापरतात.

आणि मुलांनो, आता तुमचा गृहपाठ. आज रात्री जेवताना ताटातल्या पाच पदार्थांची नावं वहीत लिहा. त्यांतली कोणती वस्तू कुठून आली ते शोधा. आजीला विचारा, गुरुजींना विचारा, नकाशावर खूण करा. आणि उद्या मधल्या सुट्टीत ज्याचा डबा तुम्ही कधीच पाहिला नाही, त्याच्याशेजारी जाऊन बसा. आधी आपला डबा उघडा आणि त्याला म्हणा, "घे ना!"