साडेबारा वर्षांची मेट्रो

इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोनशिला आणि पहिली गाडी यांमधले अंतर मोजण्याची खोड असते. नवी मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेचे भूमिपूजन १ मे २०११ रोजी झाले. प्रवासी प्रत्यक्ष गाडीत बसले १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. बेलापूर ते पेंधर हा ११.१ किलोमीटरचा, ११ स्थानकांचा उन्नत मार्ग. साडेबारा वर्षे! आणि अखेर सेवा सुरू झाली तीही समारंभाविना.

या विलंबाला पूर्वपीठिका आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. खाडी ओलांडून लोकल वाशीला आली १९९२ मध्ये. या शहरात माणसे आधी राहायला येतात, रूळ मागाहून येतात.

मला मात्र स्थानकांची नावे अधिक बोलकी वाटतात. बेलपाड्यानंतर उत्सव चौक, सेंट्रल पार्कनंतर पेठपाडा : गावाचे नाव आणि आराखड्यातले नाव आलटूनपालटून येत राहते. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उरण परिसरात उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. (पुन्हा साडेबारा, निव्वळ योगायोग.)

त्या लढ्याचा उल्लेख असलेले एकही नाव या अकरा स्थानकांत नाही. पेठपाडा, पेंधर ही नावे तेवढी उद्घोषणेत रोज ऐकू येतात.