फॉर्म

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला ‘फॉर्म’ म्हटलं की काय आठवतं? एक्झाम फॉर्म, केटीचा फॉर्म, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म, स्कॉलरशिपचा फॉर्म आणि आमच्यासारख्या रोज गाडीने येणाऱ्यांचा रेल्वे कन्सेशनचा फॉर्म! खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं असताना फोटो चिकटवायला डिंक शोधत पळणारा एखादा मित्र डोळ्यांसमोर येतोच. आमच्या घरात मात्र या शब्दाचा अर्थ दुसरा आहे. अमका फॉर्मात आहे, तमक्याचा फॉर्म गेला, अशी चर्चा आमच्याकडे आमटीच्या वाटीबरोबर सुरू होते आणि आई टीव्ही बंद करेपर्यंत चालते. आज मला या दोन्ही फॉर्मबद्दल लिहायचंय.

आधी माझी ओळख. मी बोईसरची, म्हणजे हॉस्टेलच्या भाषेत ‘डबेवाली’. माझा डबा पहिल्या ब्रेकमध्येच संपतो आणि तो कोण संपवतं हे लेडीज हॉस्टेलला चांगलं ठाऊक आहे! पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे कोणी ‘एकोणसत्तर’ म्हटलं की मला आधी मनात त्याचं इंग्रजी करावं लागतं. म्हणून या लेखात आकडे सरळ आकड्यांतच लिहिते. बाकी आकड्यांशी माझी जुनी दोस्ती आहे. सातवीपासून मी दादाच्या टीमची स्कोअरर. मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर स्कोअरबुक आणि कानाला पेन्सिल. “मुलीची जात, उन्हात काळी होशील,” असं आजी म्हणायची. झाले मी काळी, पण बॉलिंग अॅनालिसिस कधी अर्धवट ठेवलं नाही.

दादा फास्ट बॉलर होता. ‘होता’ लिहिताना जरा जड जातंय. तो सतरा वर्षांचा असताना मुंबईला एका निवड चाचणीला गेला होता. पहाटेची गाडी, खांद्यावर किट, सोबत आईने दिलेल्या दशम्या. दिवसभर रांगेत बसला आणि संध्याकाळी त्याचा नंबर लागला. किती चेंडू टाकायला मिळाले? ६. सहाव्या चेंडूनंतर “नेक्स्ट” अशी हाक आली. रात्री घरी येऊन त्याने मला फक्त एवढंच सांगितलं, “एक ओव्हर, शून्य वाइड.” मी ते स्कोअरबुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. त्यानंतर त्याने आयटीआयला एओसीपी केलं आणि आता तो तारापूर एमआयडीसीत प्लँट ऑपरेटर आहे. तीन शिफ्टची नोकरी. लेदर बॉल त्याने पुन्हा हातात घेतला नाही.

आता दुसऱ्या दोघांची गोष्ट ऐका. दोघांची जन्मतारीख एकच, १६ ऑक्टोबर १९९१. दोघेही बॉलर, दोघेही वेस्टर्न रेल्वेच्या बाजूचे. एक आपल्या पालघरचा, शार्दूल ठाकूर. दुसरा मुंबईचा, सौरभ नेत्रावळकर. कुंडली मांडणाऱ्यांनी यावर काय ते बोलावं!

शार्दूलची गोष्ट तुम्हाला माहीत असणार, कारण पालघरात रिक्षावालासुद्धा ती सांगतो. माहीम गावचा मुलगा. विरार-डहाणू लोकल सुरू झाली २०१३ मध्ये, म्हणजे त्याच्या शाळेच्या दिवसांत ती सोयही नव्हती. पहाटे उठून मिळेल ती गाडी पकडायची, सुमारे नव्वद किलोमीटरवर मुंबईत जाऊन खेळायचं आणि परत यायचं. बोईसरच्या शाळेकडून खेळताना कोच दिनेश लाड यांनी त्याला पाहिलं आणि बोरिवलीच्या आपल्या शाळेत बोलावलं. रोजचा प्रवास झेपणार नाही म्हणून घरचे नको म्हणत होते, तेव्हा लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तिथे त्याने हॅरिस शील्डमध्ये एका ओव्हरमध्ये ६ सिक्स मारले. पुढे रणजी, मग भारताची टोपी.

पण माझ्यातल्या स्कोअररला त्याच्या करिअरमधला दुसराच एक आकडा महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर २०१८, हैदराबाद, वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. १० चेंडू टाकले आणि स्नायू दुखावला. बस्स! पुढची कसोटी थेट जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला, तीसुद्धा निम्मी टीम जखमी झाल्यावर. तिथे त्याने सामन्यात ७ विकेट्स घेतल्या आणि ६ बाद १८६ अशा अवस्थेत वॉशिंग्टन सुंदरला साथ देत ६७ धावा काढल्या. टीव्हीवर आपण ते ६७ पाहिले. मधली सव्वादोन वर्षं कोणी दाखवली नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या लिलावात तर त्याला कोणी घेतलंच नाही. तो रणजी खेळत राहिला. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध शतक, पुढच्या सामन्यात मेघालयविरुद्ध हॅट्ट्रिक. मग दुसऱ्याच्या दुखापतीमुळे लखनौने त्याला बोलावलं आणि दुसऱ्याच सामन्यात त्याने ४ विकेट्स काढल्या.

आता सौरभ. हा तर आपल्या बिरादरीतला! अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमधून कॉम्प्युटर इंजिनीअर. सबमिशन, व्हायवा, ओरल, सगळं करून हा मुलगा २०१० मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला. त्या टीममध्ये के. एल. राहुल होता, मयांक अगरवाल होता, जयदेव उनाडकट होता. उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने भारताला हरवलं, आणि त्या पाकिस्तानी टीममध्ये बाबर आझम होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मुंबईकडून सौरभला रणजीचा सामना मिळाला १. २०१३ मध्ये, कर्नाटकविरुद्ध. फॉर्म वाईट होता म्हणून एकच मिळाला असं कोणी समजू नये. मुंबईच्या टीममध्ये शेवटी जागा ११ आणि दाराशी रांग आपल्या मेसच्या रविवारच्या रांगेएवढी!

२०१५ मध्ये त्याने दुसरा फॉर्म भरला. कॉर्नेल विद्यापीठात मास्टर्स, मग ओरॅकल कंपनीत नोकरी. आपण ज्याला ‘सेटल होणं’ म्हणतो ते झालं. क्रिकेट संपलं असं त्यालाही वाटलं असेल. पण कॅलिफोर्नियात शुक्रवारी ऑफिस सुटलं की हा मित्रांबरोबर सहा-सात तास गाडी चालवत लॉस एंजेलिसला जायचा, कारण चांगली टर्फ विकेट तिथे होती. शनिवारी मॅच, रात्री परत आणि रविवारी पुन्हा मॅच. अमेरिकेच्या टीमकडून तो पहिल्यांदा खेळला २०१८ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी. पुढे कॅप्टनही झाला.

मग ६ जून २०२४, डॅलस. पाकिस्तान १५९, अमेरिका १५९. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ काढल्या. चेंडू दिला सौरभकडे आणि पाकिस्तानला करता आल्या १३. समोरच्या टीमचा कॅप्टन कोण? तोच बाबर आझम. १४ वर्षांनी हिशोब चुकता! आठवड्याने न्यूयॉर्कला भारताविरुद्ध याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर काढलं, मग रोहितला. रोहितचा झेल घेणारा हरमीत सिंगही मुंबईचाच. आणि या वर्ल्डकपला सौरभ लॅपटॉप घेऊन गेला होता, ऑफिसचं काम करायला. आपण सेमिस्टरमध्ये एक मॅच पाहिली तर अभ्यास बुडतो म्हणून रडतो!

हॉस्टेलमधली फुटबॉलवाली मंडळी म्हणतील, क्रिकेटचंच काय घेऊन बसलीस? तर त्यांच्यासाठी ख्रिश्चन पुलिसिक. हा अमेरिकेचाच, पेनसिल्व्हेनियाचा, पण त्याचा प्रवास उलट्या दिशेने. चांगलं फुटबॉल शिकायला वयाच्या १६ व्या वर्षी तो जर्मनीत डॉर्टमुंडला गेला, मग चेल्सी, मग २०२३ मध्ये मिलान. एवढ्या लहान वयात युरोपात खेळता आलं कसं? आजोबा क्रोएशियाचे, म्हणून त्याला तिथला पासपोर्ट मिळाला. म्हणजे पायात जादू होती हे खरं, पण खिशात कागदही होता. क्रिकेटमध्येही आयसीसीचा नियम असाच आहे. जन्म किंवा पासपोर्ट नसेल तर ३ वर्षं त्या देशात राहायला हवं. आमचा टीव्ही फक्त पहिला फॉर्म दाखवतो. दुसरा फॉर्म खिडकीवर भरावा लागतो आणि तो मंजूर करणारा माणूस मॅच बघत नसतो.

दुसऱ्या फॉर्मचा भरवसाही नसतो. २०२४ च्या कामगिरीवर अमेरिका २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाला थेट पात्र ठरली. पहिल्याच दिवशी वानखेडेवर भारतासमोर अमेरिका, असा कार्यक्रम लागला. पुण्यात जन्मलेला, मुंबईकडून खेळलेला शुभम रांजणेही अमेरिकेच्या टीममध्ये आला. त्याचे आजोबा वसंत रांजणे भारताकडून कसोटी खेळलेले! पण २०२५ च्या सप्टेंबरात आयसीसीने अमेरिकेच्या क्रिकेट संघटनेलाच निलंबित केलं, कारभार नीट नाही म्हणून. त्याच महिन्यात तिथल्या सरकारने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर केलं. सौरभ ज्या दाराने आत गेला ते दार तितकंच उघडं राहिलेलं नाही. खेळाडू तेच आणि त्यांचा फॉर्म तोच, खिडकीचा नियम मात्र बदलला.

आता हे सगळं मी का सांगतेय? कारण गेले चार महिने आमच्या घरी माझा फॉर्म गाजतोय. मला एमएसला जायचंय. बाबा म्हणतात, मुलगी एकटी एवढ्या लांब, त्यात कर्ज, आणि परत पाठवलं तर? आईला दोन्ही बाजू पटतात. एका रात्री नाइट शिफ्टला जाताना दादाने बँकेचं पासबुक माझ्या पुढ्यात ठेवलं. पाच वर्षांच्या ओव्हरटाइमचे पैसे. म्हणाला, “माझं नाही झालं. तू जा. समज, माझ्या जागी तू खेळतेयस.” आणि बूट घालून निघून गेला.

मी रात्रभर जागी होते. पासबुकातली रक्कम मोठी नव्हती, पण त्या वाक्याचं ओझं फार होतं. मी जाईन किंवा नाही जाणार, पण दादाची दुसरी इनिंग म्हणून मला जायचं नाही. त्याची इनिंग त्याचीच आहे. सहा चेंडूंवर ती डिक्लेअर कोणी केली? “नेक्स्ट” म्हणणाऱ्याने तर नाही. त्याने फक्त पुढच्या मुलाला बोलावलं होतं.

शार्दूल आणि सौरभ यांच्यातला कोण बरोबर, राहिला तो की गेला तो, हे मला विचारू नका. एकाला १० चेंडू मिळाले, एकाला १ सामना. राहणाऱ्याला मिळतंच असं नाही आणि जाणाऱ्याचं भलं होतंच असंही नाही. दोघांच्या स्कोअरबुकात मला सारखी दिसलेली गोष्ट एकच. नाव यादीत नव्हतं त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते बॉलिंगला आले. एक रणजीच्या रिकाम्या स्टेडियममध्ये, दुसरा हायवेवर सहा तास गाडी हाकून. तेव्हा तिथे ना कॅमेरा होता ना सिलेक्टर.

सकाळी दादा शिफ्टवरून आला तेव्हा मी पासबुक परत केलं आणि म्हटलं, “फी मी एज्युकेशन लोनने बघेन. गेटचाही फॉर्म भरतेय, एमएसचाही. यातले थोडे पैसे काढ आणि बॉलिंगचे बूट घे.” तो हसला. “सव्विसाव्या वर्षी कोण बॉलिंग सुरू करतं?” मग मी त्याला सौरभचं वय सांगितलं. तो काही बोलला नाही, चहा पिऊन झोपून गेला.

बूट मात्र आले, पंधरा दिवसांनी. तो भारताकडून खेळणार नाही हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. पण दर रविवारी, नाइट शिफ्ट असली तरी, सकाळी आठ वाजता तो लेदर बॉल घेऊन मैदानात उभा असतो आणि कॉलनीतली पाच-सहा पोरं त्याच्याकडून आउटस्विंग शिकतात. परवा त्यातल्या एकाने विचारलं, “दादा, मी किती चेंडू टाकू?” दादा म्हणाला, “हात दुखेपर्यंत टाक.”

माझ्या दोन्ही फॉर्मांचं काय होतं ते फायनल इयरला कळेलच. तोपर्यंत हॉस्टेलवाल्यांनो, रविवारी मेसचे पोहे खाऊन कंटाळलात तर गाडी पकडून बोईसरला या. बॅट आमच्याकडे आहे, बॉलर फॉर्मात आहे, आणि स्कोअर लिहायला मी आहेच.