निळा जाळ, पांढरी साखर

गंधक जळतो तेव्हा त्याचा जाळ निळा असतो, पण दिवसाच्या उजेडात तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पूर्व जावातल्या कावा इजेन या ज्वालामुखीवर जगभरातली माणसं मध्यरात्र उलटल्यावर चढायला लागतात. आम्ही शाळेपासूनचे मित्रही त्याच ओढीनं तिथं गेलो. आमच्यातल्या एकाला मात्र हा जाळ ओळखीचा होता. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात त्याची सगळी नोकरी केमिस्ट म्हणून झाली, आणि सल्फर बर्नरच्या काचेतून आत डोकावून जाळ नीट निळा आहे ना हे बघणं त्याच्या पाळीतलं रोजचं काम होतं.

सुराबायाहून बन्युवांगीकडे मोटारीनं जाताना त्याचं सगळं लक्ष खिडकीबाहेर होतं. जुलै महिना. आपल्याकडे या दिवसांत कारखाने थंड असतात, मिलचे रोलर उघडून दुरुस्त्या चाललेल्या असतात. जावात हाच कोरडा हंगाम, त्यामुळे गळीत ऐन भरात होतं. उसाचे ट्रक एकामागून एक समोरून येत होते. पासुरुआन लागलं तसं त्यानं ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दुकानं, मोटारसायकली, दुपारचं ऊन. तिथं उभं राहून त्यानं आम्हाला जे सांगितलं, त्यानं पुढच्या प्रवासाचा माझ्यापुरता रंगच बदलला.

डच अमदानीत, १८८७ साली, पासुरुआनला उसाचं संशोधन केंद्र निघालं. तिथं १९२१ साली पीओजे २८७८ हे वाण तयार झालं. त्यात रानटी उसाचं रक्त होतं, म्हणून ज्या रोगांनी जावाचा ऊस पोखरला होता त्यांना ते पुरून उरलं आणि काही वर्षांतच बेटावरच्या बहुतेक उसाच्या जमिनीवर पसरलं. पुढे कोइमतूरच्या केंद्रात याच पीओजेचा संकर करून को ४१९ हा ऊस निघाला. आमच्या आज्यांच्या तोंडात ‘चारशे एकोणीस’ हा आकडा कायम असायचा. विहिरीवरच्या गप्पांत, पाटाच्या पाण्याच्या भांडणांत, गुऱ्हाळात. सहकारी कारखान्यांचे सुरुवातीचे हंगाम ज्या उसावर निघाले, त्याचं आजोळ या गावात होतं. एका बाजूनं जावाची स्वस्त साखर आपल्या बाजारात येत होती, ती अडवायला १९३२ साली सरकारला संरक्षक जकातीचा कायदा करावा लागला. आणि दुसऱ्या बाजूनं त्याच जावाचा ऊस आपल्या रानात रुजत होता. शेतकऱ्यानं बेणं कुठलं हे विचारलं नाही, फुटवा बघितला.

चढण पाल्तुदिंगहून सुरू होते. ही जागाच १८५० मीटरवर आहे, आणि तिथून विवराच्या कडेपर्यंत तीन किलोमीटरांत पाचशेहून जास्त मीटर चढायचं. कळसूबाई ज्याला जमलं त्याला हेही जमतं, फक्त थंडी आणि पायाखालची सुटी माती यांनी दम निघतो. अंधारात पुढच्याच्या टाचेवर बॅटरीचा झोत धरून आम्ही ओळीनं चालत होतो. बोलणं कमी झालं की कोण दमलंय ते नुसत्या श्वासावरून कळत होतं.

आमच्यातल्या एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वाटेवर दोन चाकांच्या गाड्या घेऊन माणसं उभी असतात. पुढून दोघं ओढतात, मागून एक ढकलतो, आणि माणसाला कडेपर्यंत नेऊन सोडतात. माणसाच्या अंगबळावर बसून वर जायचं त्याच्या जिवावर आलं. ‘‘मी इथंच थांबतो, तुम्ही जाऊन या,’’ म्हणाला. तेव्हा आमचा वाटाड्या थांबला. तो पूर्वी विवरातल्या गंधकाच्या खाणीत होता. त्यानं हळूहळू, मोजक्या इंग्रजीत सांगितलं, की या गाडीचे तिघंही पूर्वी गंधक वाहायचे. एका फेरीत इथं जे मिळतं ते ओझ्यातून मिळत नाही, आणि गाडी ओढताना छातीत धूर जात नाही. मित्र बसला. मला वाटतं त्यानं योग्य केलं. परक्या माणसाच्या कष्टाची आपल्याला वाटणारी लाज त्या माणसाच्या चुलीला उपयोगी पडत नाही.

कडेवर पोचल्यावर खरी वाट सुरू होते, खाली, विवराच्या आत. आम्ही गेलो तेव्हा उतरायला मुभा होती. दगडांची उभी उतरण, तोंडावर मुखवटा, आणि समोरून वर येणारी ओझ्याची माणसं. त्यांना वाट द्यायची, हा तिथला पहिला नियम. बांबूच्या कावडीला दोन टोपल्या, त्यांत पिवळ्याधमक गंधकाच्या ढेपा, मिळून सत्तर ते नव्वद किलो. माणूस दिसायच्या आधी कावडीची करकर ऐकू येते. एक जण माझ्या शेजारी टेकायला थांबला. वयानं माझ्याएवढाच असेल. त्यानं कावड एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली तेव्हा सदऱ्याची कड सरकली आणि खांद्यावरचा गोळा दिसला, लिंबाएवढा, वर्षानुवर्षांच्या घासण्यानं कातडी जाड होऊन आलेला. दुसऱ्या खांद्यावरही तसाच होता. पायांत रबरी बूट, तोंडावर नुसतं ओलं फडकं.

आणि मग तो जाळ दिसला. जमिनीच्या भेगांमधून गंधकाची वाफ बाहेर पडते. तिचं तापमान सहाशे अंशांपर्यंत जातं, त्यामुळे हवा लागताच ती पेटते. काही गंधक वितळून पाझरतो आणि उतारावरून जळतच वाहतो. पातळ, शाईसारखा निळा, वाऱ्याबरोबर लवणारा, कधी चार बोटं तर कधी माणसाच्या उंचीचा. त्याला लाव्हा म्हणतात ते चूक आहे. इथं खडक वितळत नाही, गंधक जळतो. मी तो पाहिला आणि कितीतरी वेळ माझ्याच्यानं हलवेना. इतकं सुंदर काही मी क्वचित पाहिलंय, हे मनापासून सांगतो.

केमिस्ट शेजारी येऊन उभा राहिला. मुखवटा किंचित सैल करून त्यानं एक श्वास घेतला आणि लगेच खोकला. ‘‘तोच वास,’’ म्हणाला. ‘‘इथं दोष धरायचा तर एवढाच, की हा सगळा वाया चाललाय.’’

खाणीतल्या माणसांच्या लेखीही तो वायाच जात होता. त्यांनी भेगांवर लांबलचक नळ बसवलेत. वाफ त्या नळांतून येता येता निवते आणि गंधक लालभडक पातळ होऊन तोंडाशी ठिबकतो. गार झाला की पिवळा पडतो, मग पहारीनं फोडून टोपलीत भरायचा. नळाशी जाळ धरला तर माल जळून जातो, म्हणून ते पाणी मारून तो विझवतात. आम्ही ज्याच्यासाठी समुद्र ओलांडून आलो होतो, तो जाळ त्यांच्या हिशेबात नुकसान होता.

गंधक खाली जातो, रबराच्या, काड्यापेटीच्या, औषधांच्या धंद्यात लागतो, आणि जावाच्या साखर कारखान्यांतही. तिथं नेमकं हेच करतात, जे विवरात आपसूक होत असतं. गंधक जाळायचा. त्याचा वायू आणि चुन्याचं पाणी तापलेल्या रसात एकत्र सोडायचं, म्हणजे गाळ तळाला बसतो आणि रस निवळतो. रस आटवून पाक झाला की पुन्हा एकदा तोच वायू, रंग उडवायला. आपल्याकडची बहुतेक पांढरी साखरही याच पद्धतीनं होते. फरक इतकाच की आपल्या कारखान्यांना लागणारा गंधक आता प्रामुख्यानं तेल शुद्धीकरणातून येतो, कुणाच्या खांद्यावरून नाही.

कडेवर परतल्यावर उजाडायची वाट बघत केमिस्टनं हिशेब मांडला. उसाच्या टनामागे अर्धा किलोच्या आसपास गंधक लागतो. म्हणजे ऐंशी किलोच्या एका कावडीत दीडशे टनांवर उसाचा रस निवळतो, आणि दहा-साडेदहा टक्क्यांचा उतारा धरला तर त्यातून सोळा टन साखर होते. एका माणसाची एक खेप. आणि तो दीडशे टन ऊस आपल्याकडे तोडतं कोण, तर बीडकडून उचल घेऊन आलेली नवरा-बायकोची जोडी, एक कोयता. बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते. तीही पहाटे, अंधारातच. हे मला त्या विवराच्या कडेवर लख्ख दिसलं: साखरेच्या पोत्याच्या अलीकडे माणसांची एक रांग आहे, आणि पोत्यावर एस-३०, एम-३० असा दाण्याचा नि रंगाचा दर्जा छापलेला असतो, पण त्या रांगेची कुठं नोंद नसते. साखर गोडीनं विकली जाते असं आपण समजतो. बाजारात तिचा भाव दाण्यावर नि रंगावर हलतो. गोडी सगळ्या दर्जांची सारखीच.

उजाडलं तेव्हा खाली तळं दिसलं, फिरोजी रंगाचं, जवळपास किलोमीटरभर लांब, आणि पाणी बॅटरीतल्या तेजाबासारखं जहाल. सगळे फोटो काढत होते. आम्हीही काढले.

दुपारी केतापांगहून बालीला जायची बोट धरली. जावा आणि बालीमधली खाडी अरुंद ठिकाणी अडीच किलोमीटरही नाही, बोट पाऊण-एक तासात गिलिमानुकला लागते, पण तिथं उतरलं की घड्याळ एक तास पुढं करावं लागतं. ही बोट वर्षातून एक दिवस बंद असते, बालीच्या न्येपीला, म्हणजे शक वर्षाच्या पहिल्या दिवशी, जेव्हा बेटावर कोणी घराबाहेर पडत नाही. पंचांगं वेगळी असल्यानं तो दर वर्षी आपल्या पाडव्याशी जुळत नाही. २०२३ साली मात्र दोन्ही २२ मार्चलाच आले होते. आपण गुढी उभारून जो दिवस गाजवतो, तो तिथं दिवाही न लावता काढतात. मला तेही आवडलं.

बालीत आम्ही फार रेंगाळलो नाही. लक्षात राहिला तो क्लुंगकुंगच्या बाजूचा एक ओटा. पहाटे माडावरून उतरवलेली नीरा मोठ्या कढईत रटरटत होती, आणि एक मावशी उलथण्यानं तिचा फेस खाली बसवत होत्या. घट्ट झाल्यावर त्यांनी तो रस करवंट्यांत ओतला. गार झालेला काळसर गूळ त्यांनी तोडून हातावर ठेवला. केमिस्टनं तो उजेडाला धरला, वास घेतला, मग तोंडात टाकला आणि आणखी मागितला. पदांगबाईच्या बंदरात पोचेपर्यंत तो त्या गुळाबद्दलच बोलत होता: रस किती वेळ आटवत असतील, चुना घालत असतील का.

पदांगबाईहून लोंबोकच्या लेंबारला बोट चार-पाच तास घेते. मधली सामुद्रधुनी खूप खोल आहे. हिमयुगात समुद्र उतरला तेव्हा बाली जावाला जोडलं गेलं, पण लोंबोक तुटलेलंच राहिलं. १८५६ साली निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस इथून पलीकडे गेला आणि पक्षीच बदललेले बघून थक्क झाला. आम्ही डेकवर बसलो होतो. तिथं केमिस्टनं त्याच्या सल्फर स्टेशनवरच्या माणसाची गोष्ट काढली. गंधकाची पोती फोडून बर्नरमध्ये टाकायचं त्याचं काम, हंगामी कामगार, गावाबाहेरच्या वस्तीतला. खोकला त्याचा बारमाही, तरी पाळी चुकवत नसे, कारण खाडा पडला की पुढच्या हंगामाला नाव लागेल याची खात्री नसे. त्याला दुसऱ्या खात्यात घ्यावं म्हणून केमिस्टनं तीन कागद लिहिले होते. त्या कागदांचं काय झालं, कोणी सही केली, कोणी अडवली, आणि तो माणूस पुढं कुठं गेला, हे तो क्रमानं सांगत होता. बोट लेंबारला लागली तेव्हा गोष्ट अर्ध्यावरच होती. उरलेली त्यानं मातारामच्या रस्त्यावर, गाडीत सांगितली.