चौकटीतले मिलीग्रॅम

माहेरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असायचं आणि त्याच्या खिळ्याला सुतळीने बांधलेलं पेन लोंबत असायचं. दूध अर्धा लिटर जास्त, गॅस लावला, कामवालीचा खाडा, धाकट्याला गोवर, सगळं त्या चौकोनांत. दूधवाल्याशी महिनाअखेरीला होणारा वाद आई एका बोटाने मिटवायची. तारखेवर बोट ठेवलं की तो गप्प. जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं १९७३ साली, आणि मीही त्याच सुमाराची. म्हणजे आम्ही दोघं बरोबरीनेच वाढलो.

लग्न होऊन साताऱ्याला आले तर इथेही तेच कालनिर्णय, फक्त अक्षर सासूबाईंचं. सासरच्या कालनिर्णयावर लिहायचा हक्क सुनेला लगेच मिळत नाही. किल्ल्या आधी मिळतात, पेन नंतर. मला ते मिळालं आणि पुढे काही वर्षांतच त्या चौकोनांत दुधाच्या शेजारी मिलीग्रॅम आले.

छत्तिशीत सुरुवात झाली ती ब्लाउजच्या हुकांपासून. सकाळी उठलं की बोटं मिटेनात आणि मिटली तर उघडेनात. कणीक तिंबता येईना, कुकरचं झाकण फिरेना. पण अकराच्या सुमाराला शाळेत फळ्यावर खडू व्यवस्थित चाले, त्यामुळे सकाळचं दुखणं कुणाला खरं वाटायचं नाही. दोन्ही हातांची मधली पेरं सारखीच सुजू लागली, तेव्हा पुण्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे गेलो. संधिवात, त्यातही ऱ्हुमॅटॉइड. शरीराची पहारा देणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तराला परकं समजून त्यावर तुटून पडते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन ते तीन पट जास्त होतो. सासूबाईंनी हे ऐकून एवढंच म्हटलं, “हेही आपल्याच वाट्याला.”

औषधं लिहून ठेवणं भागच होतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून दर रविवारी चौकोनात ‘मे’. सोमवारी मळमळ ठरलेली. आणि सुजेचा जोर मोडेपर्यंत प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. ‘प्रे २०’. सकाळी, खाऊन झाल्यावर.

पहिल्या आठवड्यात मी उडत होते. बोटं मिटत होती, हुक लागत होते. झोप मात्र गेली. रात्री दोन वाजता मी देवघरातली समई, निरांजनं, ताम्हन काढून ओट्यापाशी पितांबरीने घासत बसले होते. समईची कमळाची पाकळी न् पाकळी जुन्या टूथब्रशने. हे पाणी प्यायला उठले आणि दारातच थबकले. “काय चाललंय?” “दिसत नाही का?” माझा तो आवाज मलाही अनोळखी होता. पुढे डोस उतरायला लागला तसं सगळं उलटलं. आमटीत मीठ कमी आहे असं मुलगी म्हणाली आणि मी ताट सोडून उठले, मोरीत जाऊन रडले. रडण्याजोगं काही नाही हे कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

स्टेरॉइडच्या जन्माची गोष्ट वाचली तेव्हा थोडं बरं वाटलं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. काही दिवसांतच ती उठून बाजारात खरेदीला गेली. दोनच वर्षांत, १९५० साली, हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण सूज उतरवणारं हे औषध मनही ढवळतं हे पुढे लवकरच दिसू लागलं. बोस्टनमधला १९७२चा एक अभ्यास आहे. रोज ४० मिलीग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन, म्हणजे माझ्या गोळीच्याच जातीचं स्टेरॉइड, घेणाऱ्यांत मानसिक त्रासाची ठळक लक्षणं शंभरात जेमतेम एकाला, ८० च्या वर गेलेल्यांत शंभरातल्या अठराजणांना. साधी चिडचिड, झोप उडणं या हिशेबात कुठून येणार? ते घरच्यांच्या हिशेबात असतं.

आणि दोष सगळा गोळीचाही नाही. सुजेची जी रसायनं सांध्यात असतात ती मेंदूवरही परिणाम करतात. थकवा आणि उदासी हा आजाराचाच भाग असतो. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, पण मी विचारल्यावर. तोवर ‘टेन्शन घेऊ नका’ हा एकच सल्ला चहुबाजूंनी मिळत होता. तो मला अजिबात पटत नाही. ताणाने आजार उसळतो हे खरं, पण आजारानेही ताण येतो, आणि या सल्ल्यात दुखण्याबरोबर दुखण्याची जबाबदारीही बाईच्याच पदरात पडते.

मार्च २०२० चं पान मी जपून ठेवलंय. तोवर संधिवातासाठी माझी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनही सुरू झाली होती. करोनावर तीच गोळी चालते अशी हवा उठली आणि दुकानांतून ती नाहीशी झाली. २५ मार्चला सरकारने निर्यात थांबवली, तरी आमच्या पेठेत काही ती दिसेना. त्या चौकोनांत उरलेल्या गोळ्यांचे आकडे आहेत, उतरते. एप्रिलमध्ये मनगटं सुजली. गोळी पुरवून घेतल्यामुळे की काळजीमुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तोपर्यंत मी चौकोनात मिलीग्रॅमच्या खाली आणखी एक अक्षर लिहू लागले होते. ‘झो’ म्हणजे झोप नाही, ‘र’ म्हणजे रडू, ‘भां’ म्हणजे भांडण. काही महिन्यांची पानं एकत्र लावली तेव्हा ‘भां’ आणि ‘र’ बरेचसे डोस उतरतानाच्या आठवड्यांत सापडले. माझा स्वभाव बिघडला, असं घरात सगळ्यांनी मनोमन मानलं होतं, मीही. आता त्याला तारखा मिळाल्या. त्या आठवड्यांत पाहुणे बोलवायचे नाहीत, पैशांचे विषय काढायचे नाहीत, असं आमचं ठरलं. मुलगी शाळेतून आल्यावर विचारायची, “आई, आज पाच की दहा?” आणि उत्तर ऐकून मार्कांचा कागद दाखवायचा की नाही ते ठरवायची.

तरीही काही ‘र’ कुठल्याच डोसशी जुळत नव्हते. ती पानं डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. “तुला काय वेड लागलंय?” हे आमच्या जावेचं म्हणणं. लागलं नव्हतं, म्हणूनच गेले. त्याचा उपयोग झाला.

तुमच्याही घरात असं कुणी असेल तर दोन गोष्टी करा. तपासणीला जाताना सुजेचा अंदाज देणाऱ्या ईएसआरच्या रिपोर्टबरोबर झोपेच्या, रडण्याच्या, रागाच्या तारखाही न्या. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. आणि मनाला त्रास होतो म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम सोडू नका. बाहेरून ते मिळत असताना मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचं काम मंदावलेलं असतं, ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. डोस पायरीपायरीनेच, डॉक्टरांना विचारूनच उतरवायचा असतो.