बेटावरचा पोळा

देवदर्शनाचे निमित्त नसता घराबाहेर पडणे ही गोष्ट आमच्या महागावाकडे अद्यापि थोडीशी लाजेचीच समजतात. माहूरगडावर रेणुकेच्या दर्शनास निघालेल्याला कोणी काही विचारीत नाही. पंढरीस जाणाऱ्याच्या तर लोक पाया पडतात. लग्न, मयत, कोर्टाची तारीख आणि दवाखाना ही प्रवासाची आणखी चार मान्य कारणे. या यादीत विश्रांतीला जागा नाही. तेव्हा २०२४ साली प्रजासत्ताक दिन शुक्रवारी येऊन त्याला शनिवार-रविवार जोडून मिळाले असता, आम्ही आमच्या एका बालस्नेह्यापुढे अंदमानास जाण्याचा बेत मांडला, त्या वेळी त्याचा पहिलाच प्रश्न असा होता, "तिथं देव कोणता हाय?"

"देव नाही. समुद्र आहे."

"मंग कराचं काय तिथं?"

"काही नाही."

"काहीच नाही कराले येवढ्या दूर?" असे म्हणून तो मोठ्याने हसला, आणि हसता हसताच, हातात चहाचा पेला तसाच धरून, त्याने एक डुलकी घेतली.

या डुलकीविषयी येथे दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आमच्या या स्नेह्याला गावातील मित्रमंडळी कुंभकर्ण म्हणत. कीर्तनात बुवांचा पूर्वरंग संपण्यापूर्वी त्याची मान खाली जाई. ग्रामसभेत तो भिंतीला पाठ लावून बसे आणि आभारप्रदर्शनाच्या टाळ्यांनी जागा होई. हे नाव त्याला प्रथम कोणी दिले, हा प्रश्न निघाला तर आम्हांस मान खाली घालावी लागेल. विनोद बरा साधला म्हणून त्या काळी आम्हांला त्याचा अभिमानही वाटला होता.

पूस नदीच्या काठाने त्याची शेती. खरिपात कापूस नि सोयाबीन, थोडी हळद, आणि हिवाळ्यात गहू-हरभरा. एक बैलजोडी त्याने हौसेने अजून राखली आहे. त्याला घराबाहेर काढणे सोपे नव्हते. पण त्याच्या मुलाने चार रात्रींची पाण्याची पाळी आपल्या अंगावर घेतली, सूनबाईंनी पिशवी भरून दिली, आणि गुरुवारी रात्री आम्ही उभयता नागपूरच्या एस.टी.त बसलो.

प्रवासाला निघताना टिपण करण्याची आम्हांला जुनी खोड आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय पाहावयाचे, याचा तक्ता आम्ही तीन पाने भरून केला होता. सोमवारची एक रजा धरून एकंदर चार दिवस. त्यांतले जाण्यायेण्यात दोन जाणार. तेव्हा उरलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब ठेवणे आम्हांला कर्तव्यच वाटत होते. आमच्या स्नेह्याने मात्र एस.टी.त झोप घेतली, नागपूरहून कलकत्त्यास जाताना विमानात झोप घेतली, आणि पुढच्या विमानाच्या खिडकीतून निळ्या पाण्यावर हिरवी बेटे दिसू लागली, म्हणून आम्ही त्याला कोपराने ढोसले तेव्हा, "बरं हाय," एवढा अभिप्राय देऊन तो पुन्हा झोपला. पोर्ट ब्लेअरला उतरेपर्यंत आमच्या मनात त्याच्याविषयी थोडा राग साठला होता हे नाकारण्यात अर्थ नाही. झोपच घ्यावयाची तर ती महागावात फुकट मिळते, असे आम्ही त्याला बोलूनही दाखविले. त्यावर तो काही बोलला नाही.

पोर्ट ब्लेअरचे नाव त्याच वर्षीच्या सप्टेंबरात श्री विजयपुरम असे झाले. परंतु मराठी माणूस त्या गावी उतरतो तो एका निराळ्याच नावाची आठवण मनात ठेवून. ते नाव काळे पाणी. १८५७ च्या उठावानंतर १८५८ साली इंग्रजांनी येथे कैद्यांची वसाहत घातली, आणि १८९६ पासून १९०६ पर्यंत बांधकाम चालून सेल्युलर जेल उभे राहिले. मधला मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फुटलेल्या सात इमारती. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. १९७९ मध्ये त्यास राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. सावरकरांना १९११ साली येथे आणले, आणि त्यांच्या 'माझी जन्मठेप' या १९२७ सालच्या ग्रंथाने येथील कोलू मराठी घरांत ओळखीचा झाला.

शनिवारी सकाळी तक्त्याप्रमाणे आम्ही तेथे गेलो. कोठड्या पाहिल्या, भिंतीवरची नावे वाचली. कोलूपाशी येताच आमचे स्नेही थांबले. बैलाच्या जागी माणूस जुंपावयाचा आणि दिवसाकाठी त्याच्याकडून तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर, खोबरेल काढून घ्यावयाचे, ही माहिती आम्ही त्याला सांगितली. त्याने आमच्याकडे लक्ष दिले नाही. घाणीचा दांडा, त्याची उंची, तो खांद्यावर कोठे बसेल, हे तो जाणत्याच्या नजरेने न्याहाळीत होता. मग हळूच म्हणाला, "आपण बैलालेही बारा वाजता सोडतो रे."

त्या आवारात त्या दिवशी आम्ही पुष्कळ वाचले आणि पुष्कळ ऐकले. परंतु त्या जागेचे क्रौर्य आम्हांला या एका वाक्याने जितके कळले, तितके फलकांनी कळले नव्हते.

त्याच दुपारी बोटीने आम्ही स्वराजद्वीपास गेलो. २०१८ पर्यंत या बेटाला हॅवलॉक या इंग्रज सेनापतीचे नाव होते. मात्र बेटावरील गावांची नावे ऐकून आपण परदेशी आलो असे मुळीच वाटत नाही. गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर! फाळणीनंतर पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी हे बेट वसविले, आणि घर गेले तरी देव आपल्याबरोबर आणला. "पाय, देव हाय म्हणून तं," असे म्हणून आमच्या स्नेह्याने आमच्यावर पहिला विजय मिळविला.

रविवारी पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, आम्ही खोलीबाहेर आलो तो सूर्य समुद्रातून वर येत होता. आमच्या गावी जानेवारीअखेर तो सातच्या आधी पाच मिनिटे दर्शन देतो. हे बेट महागावच्या पूर्वेस सुमारे पंधरा रेखांश आहे. पृथ्वीला तेवढे फिरण्यास एक तास लागतो. आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे येथला दिवस आपल्या घड्याळाच्या तासभर पुढे धावतो. हे शास्त्र स्नेह्यास समजावून सांगण्याकरिता आम्ही मोठ्या उत्साहाने आत गेलो. तो उताणा पडून, तोंड थोडे उघडे ठेवून, गाढ झोपला होता. आम्ही तक्ता हातात घेऊन दारात उभे राहिलो. आठ वाजले, नऊ वाजले. बोट करून प्रवाळ पाहावयास जाण्याची वेळ टळली. साडेनवास तो उठला, आणि आश्चर्याने आपल्याच हातांकडे पाहत म्हणाला, "कोणी उठवलंच नाही."

दुपारी राधानगरच्या किनाऱ्यास गेलो. पांढऱ्या वाळूच्या कडेने तेथे उंच वृक्षांची रांग आहे; त्यांना समुद्री मोहा म्हणतात. हे झाड आपल्या मोहाच्याच कुळातले, असे आम्ही सांगितले. त्याने एक पान उचलून मोडले, त्याचा वास घेतला आणि "सख्खा नाही, चुलत हाय," असा निवाडा दिला. त्याच झाडाखाली आम्ही बसून राहिलो. तक्त्यात पुढे काय होते, हे आम्ही खिशातून काढून पाहिले नाही.

सव्वापाच झाले आणि सूर्य पाण्याला टेकला. घरी या वेळी उन्हे अजून अंगणात असतात. "मोटरीकडे निघाची येळ नाही झाली, अन् दिवस बुडाला बी," तो म्हणाला. आणि मग, समोर पाहतच, त्याने एक गोष्ट सांगितली.

शेतीच्या मोटारीला वीज कधी दिवसा, कधी रात्री, अशा पाळीने मिळे. रात्रीच्या पाळीत त्याला बारा-एकला उठून शेतात जावे लागे, आणि पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात लावीत उजाडेपर्यंत उभे राहावे लागे. वीसएक हिवाळे त्याने असे काढले होते. दोन वर्षांपूर्वीच्या एका रात्री तो धुऱ्यावर क्षणभर टेकला आणि त्याचा डोळा लागला. जागा झाला तो पाणी फुटून त्याच्या कमरेखाली आले होते. आणि हातभर अंतरावर, त्याच पाण्यात, मोटारीची उघडी पडलेली तार लोळत होती. फ्यूज आधीच उडाला होता, म्हणून तो वाचला. त्याने तार गुंडाळली, फ्यूज बसविला आणि उरलेले वाफे भिजविले. सकाळी घरी येऊन चहा घेतला. घरात कोणाला ही गोष्ट सांगितली नाही.

"आम्हांला तरी सांगावयाचे होतेस," आम्ही म्हणालो.

"तुमाले?" तो हसला. "तुमी तं मले कुंभकर्ण म्हणता."

त्याच्या हसण्यात राग नव्हता. असता तर आम्हांला बरे वाटले असते. बस-स्टँडवरच्या हॉटेलात आम्ही रोज सकाळी एका बाकावर बसत आलो. त्याचे डोळे लाल असतात, हे आम्ही पाहिले होते. आणि त्यावर कोटी केली होती. ज्याच्या गव्हाची पोळी आम्ही खातो, तो गहू रात्री कोण भिजवितो, हे विचारण्याचे इतक्या वर्षांत आम्हांस सुचले नाही. आणि ते सुचण्यास महागावापासून इतक्या दूर, समुद्राच्या पलीकडे यावे लागले. विश्रांती ही आम्ही आजवर आळसाची थोरली बहीण समजत होतो. खरे पाहता, जो रोज पुरेसा झोपतो, त्याला विश्रांती हा करमणुकीचा एक प्रकार वाटतो. जो झोपत नाही, त्याला ते येणे असलेले देणे असते. आमचे शेतकरी पूर्वज हे जाणत होते, म्हणूनच त्यांनी बैलासाठी वर्षातून एक पोळा नेमून ठेवला. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही, पाठीवर आसूड नाही, तोंडात पुरणाची पोळी. मात्र ती पोळी भरविणाऱ्या माणसाचा पोळा कोणत्या अमावास्येला, हे ठरविण्याचे राहून गेले.

अंधार पडला. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते. चंद्र उगवण्यास थोडा अवकाश होता. तो वाळूवर आडवा झाला आणि बोलता बोलता झोपी गेला. या वेळी आम्ही त्याला कोपराने ढोसले नाही. भाड्याच्या गाडीचा चालक बोलावयास आला, त्यास हात करून थांबविले. माणसाच्या झोपेवर पहारा करण्याइतके स्वस्थ काम आम्ही त्यापूर्वी कधी केले नव्हते.

सोमवारी रात्री नागपुरास आणि मंगळवारी पहाटे महागावास पोहोचलो. त्याच रात्री तो पाण्यावर गेला, हे आम्हांला मुलाकडून कळले. बेटाने जगाचा क्रम बदलला, असे सांगण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. बदलले ते एवढेच, की मोटारीची तार नवी आली, रात्रीच्या पाळीस बापलेक आळीपाळीने जाऊ लागले, आणि ते टोपणनाव आमच्या बाकावर पुन्हा कोणी उच्चारले नाही.

त्या सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, आम्ही त्याच्या गोठ्यात गेलो. पळसाच्या पानांनी तो बैलांचे खांदे शेकीत होता; हळद नि लोणी चोळीत होता. आमच्याकडे न पाहताच त्याने विचारले, "येत्या सालात तुमचा तो सव्वीस जानेवारी कोण्या वारी येते?"

आम्ही पंचांग पाहून सांगितले की, रविवारी येतो. तेव्हा जोडून सुटी मिळण्याचा योग नाही.

त्याने दुसऱ्या बैलाच्या खांद्याला हात घातला.

"असू दे," तो म्हणाला. "पोळा काय रविवार पाहून येते?"